जुना स्कोप हाती आलाय? प्लग लावायची घाई नको

जुनं यंत्र घरात आलं की हात आपोआप प्लगकडे जातो. स्विच दाबावा, पडद्यावर हिरवी रेघ उमटते का बघावं, एवढीच काय ती उत्सुकता. मीही हेच करायचो. कित्येक वर्षं कपाटात पडून असलेल्या एका सिग्नल जनरेटरला मी असाच थेट प्लग लावला. दिवा लागला, मीटरचा काटा हलला, मी खूश. दहाएक मिनिटांनी मागच्या बाजूने 'फट्' आवाज आला आणि खोलीभर कडवट, तेलकट धूर पसरला. खिडक्या सताड उघड्या ठेवूनही दोन दिवस वास हटेना. मेन्सच्या फिल्टरमधला कागदी कॅपॅसिटर फुटला होता. भाग अगदी किरकोळ, पण त्यातून उडालेल्या चिकट राळेने शेजारची वायरिंग माखली आणि ती साफ करण्यात माझा अख्खा रविवार गेला.

तेव्हापासून एक नियम पाळतो. बंद यंत्राकडून जेवढं कळून घेता येईल तेवढं घ्यायचं आणि मगच त्याला वीज दाखवायची. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे. तुम्हाला सोल्डरिंग जमतं, डिजिटल मल्टिमीटर हाताळता येतो, पण जुना ऑसिलोस्कोप (म्हणजेच स्कोप, सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र), फ्रिक्वेन्सी काउंटर किंवा बेंच मीटर कधी उघडलेला नाही, असं धरून चालतो.

पहिलं यंत्र कोणतं घ्यावं

सगळ्यात सोपी सुरुवात काट्याच्या मल्टिमीटरपासून. सिम्पसन २६० किंवा १९५१ साली आलेला एव्हो मॉडेल ८ घ्या. आत रेझिस्टर, स्विच, डायोड आणि एक नाजूक मीटर, बस्स. दोन्ही डीसीवर दर व्होल्टला २०,००० ओहमचे. बहुतेक वेळा रोग एकच असतो, गळलेले सेल. किंवा मग साधा ट्रान्सफॉर्मरवाला बेंच पॉवर सप्लाय घ्या.

स्कोपच हवा असेल तर ट्रान्झिस्टरच्या काळातला घ्या. टेक्ट्रॉनिक्सचा ४६५ हा १९७२ चा, १०० मेगाहर्ट्झचा. बरेचसे ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेले, बोर्डावर भागांची नावं छापलेली, मॅन्युअल तर उत्तमच. शिकायला यासारखं यंत्र नाही. त्याच कंपनीचे ५०० मालिकेतले व्हॅक्यूम ट्यूबवाले स्कोप दिसायला देखणे असतात हे मान्य, पण आत कोपऱ्याकोपऱ्यात शेकडो व्होल्ट, आणि उचलायला दोन माणसं. ते दुसरं किंवा तिसरं यंत्र म्हणून.

घेण्याआधी शक्य असेल तर वरचं झाकण काढून बघा. सगळे नॉब जागेवर आहेत का? तळाशी पाणी साचल्याच्या रेषा आहेत का? कुणी आधी हात घातलाय का? माझं मत विचाराल तर, ज्याला कुणीच हात लावलेला नाही असं मेलेलं यंत्र 'थोडं काम केलंय, एवढंच राहिलंय' अशा यंत्रापेक्षा शंभर पटीने बरं. पहिल्यात एक बिघाड असतो. दुसऱ्यात एक मूळचा आणि तीन नव्याने केलेले.

आधी मॅन्युअल

सर्व्हिस मॅन्युअलशिवाय काम करणं म्हणजे अंधारात सुई शोधणं. सुदैवाने जुन्या मोठ्या कंपन्यांची मॅन्युअल स्कॅन होऊन सहज मिळतात. वापरकर्त्याचं पुस्तक नको, सर्किट, भागांची यादी आणि जुळवणीची कृती असलेलं हवं. त्यातलं 'सर्किटचं वर्णन' हे प्रकरण नवखे लोक हमखास वगळतात. तसं करू नका. कुठला ब्लॉक कुणावर अवलंबून आहे ते तिथे साध्या वाक्यांत सांगितलेलं असतं.

आवृत्ती यंत्राशी जुळते का तेही बघा, कारण एकाच मॉडेलची सर्किटं वर्षागणिक बदलत गेली. ह्युलेट-पॅकार्डच्या (एचपी) सिरियल नंबरच्या सुरुवातीला चार आकडे आणि एक अक्षर असतं. पहिल्या दोन आकड्यांत १९६० मिळवले की साल, पुढचे दोन म्हणजे आठवडा. '२२३१ए' म्हणजे १९८२ चा एकतिसावा आठवडा, आणि 'ए' म्हणजे अमेरिकेत बनलेलं. मात्र ही तारीख डिझाइनमधल्या शेवटच्या मोठ्या बदलाची असते, यंत्र नेमकं कधी बनलं त्याची नव्हे. आयसीवरचे चार आकडेही असेच वाचतात. ७३४२ म्हणजे १९७३ चा बेचाळिसावा आठवडा. मात्र ७४०४ दिसलं तर उडी मारू नका, तो भागाचा नंबरही असू शकतो.

आणखी एक गोम. भागांवर बाजारातला नंबर नसतो, कंपनीचा घरचा नंबर असतो. एचपीचा १८२०-००५४ पाहून घाबरायला होतं, पण तो निव्वळ ७४००, बाजारातली साधी आयसी आहे. अशा नंबरांच्या तुलनेच्या याद्या मिळतात, एक जवळ ठेवा. टेक्ट्रॉनिक्समध्ये १५५ ने सुरू होणारा नंबर दिसला की जपून. ती आयसी त्यांनी स्वतःच बनवलेली, बाजारात पर्याय नाही. ती मेली असेल तर दुसऱ्या मेलेल्या यंत्रातूनच काढावी लागते.

जीव सांभाळून

इथे थोडा वेळ थांबतो. प्लग काढला म्हणजे यंत्र निर्धोक झालं, असं नाही. पॉवर सप्लायचे मोठे कॅपॅसिटर चार्ज धरून बसतात. ते स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचे नाहीत. ठिणगी उडते, टोक वितळतं आणि कॅपॅसिटरही बिघडतो. एक ते दहा किलोओहमचा काही वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवा, त्यातून डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा. काही मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये (कॅपॅसिटरच्या आतल्या इन्सुलेटिंग थरात) मुरलेला चार्ज हळूहळू वर येतो. स्कोपच्या पिक्चर ट्यूबचा अॅनोड हे प्रकरण वेगळंच आहे. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि ट्यूबची काच स्वतःच कॅपॅसिटरचं काम करते.

चालू यंत्रात मोजमाप करताना एक हात खिशात. जुने तंत्रज्ञ हे का सांगायचे ते एकदा झटका बसला की कळतं. करंट एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर वाटेत छाती आहे.

दुसरा स्कोप लावून तपासणार असाल तर त्याच्या प्रोबची काळी क्लिप मेन्सच्या अर्थला जोडलेली असते, हे विसरू नका. स्विचिंग सप्लायच्या (मेन्सची वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बनवणाऱ्या सप्लायच्या) मेन्सकडच्या बाजूला ती क्लिप लावली की थेट शॉर्ट. यावर काही जण स्कोपची अर्थ पिन तोडतात. कृपा करून हा मार्ग धरू नका, मग स्कोपची अख्खी बॉडीच जिवंत होते. तपासल्या जाणाऱ्या यंत्राला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेन्सशी थेट जोड न ठेवता वीज देणारा) घ्या. नाहीतर त्या भागात पहिल्या वर्षी जाऊच नका.

काही पदार्थांपासूनही जपायचं असतं. जुन्या तेलभरल्या कॅपॅसिटरमध्ये पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) जातीचं विषारी तेल असू शकतं. काही आरएफ पॉवर ट्रान्झिस्टरच्या आतल्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं, ते घासायचं किंवा फोडायचं नाही. सेलेनियमचे पातळ पत्र्यांचे रेक्टिफायर जळले की कुजकट, विषारी वास सुटतो. ते बदलून सिलिकॉन डायोड लावलेत तर व्होल्टेज वाढतं, कारण सिलिकॉनमध्ये घट फारच कमी होते. म्हणून मालिकेत योग्य रेझिस्टर टाकावा लागतो.

उघडल्यावर बघायचं काय

उघडण्याआधी हत्यारं. एचपी आणि टेक्ट्रॉनिक्समध्ये बरेच स्क्रू पोझिड्राइव्ह असतात, साध्या फिलिप्सने त्यांची डोकी झिजतात. नॉबचे बारीक अॅलन स्क्रू इंचाच्या मापातले असतात. जवळपासच्या मिलिमीटरवाल्या पान्याने काम भागवायला गेलात की खाच गोल झालीच म्हणून समजा. आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो. मी एकेका बोर्डाचे दहा-बारा काढतो आणि तरी नेमका हवा तो कोन त्यात नसतो.

आता नुसतं बघा. मेन्सचा सिलेक्टर कुठल्या व्होल्टेजवर आहे? ११५ वर ठेवलेलं यंत्र २३० ला लावलं की गोष्ट तिथेच संपते. फ्यूज बरोबर मापाचा आहे का? (फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला मी पाहिलाय.) मेन्सच्या वायरचं रबर कडक होऊन तडकलंय का? अर्थची तार बॉडीला खरंच जोडलेली आहे का, ते मीटरने मोजा.

मग कॅपॅसिटर. मेन्स फिल्टरमध्ये पिवळसर पारदर्शक ठोकळा असेल आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसत असतील, तर तो माझ्यावर उलटला त्याच जातीचा आहे. भेगांतून ओलावा आत शिरतो, कागद तो शोषतो, आणि वीज मिळाली की धूर. मोजत बसू नका, सरळ काढा. त्याच्या जागी सुरक्षेसाठी मान्यता असलेला एक्स २ किंवा वाय २ वर्गाचाच लावा. फेज ते न्यूट्रल एक्स, आणि बॉडीकडे जाणारा असेल तर वाय. वायच्या जागी एक्स चालत नाही.

इलेक्ट्रोलिटिकच्या बुडाशी तपकिरी डाग, फुगलेलं डोकं, मासळीसारखा वास आणि आजूबाजूच्या तांब्यावर हिरवट थर ही गळतीची लक्षणं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आलेले बोर्डावर चिकटणारे छोटे इलेक्ट्रोलिटिक तर जवळजवळ सगळेच गळतात, आणि ते द्रव ट्रॅक खाऊन टाकतं. जितका उशीर, तितके ट्रॅक कमी.

धूळ आणि चिकटा

मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. आधी एवढंच. फोमच्या पट्ट्या आणि फिल्टर वर्षांनुवर्षांनी काळ्या डांबरासारखे होतात, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. नॉब आणि प्लॅस्टिक साबणाच्या कोमट पाण्यात. पॅनेलवर छापलेल्या अक्षरांना मात्र अल्कोहोल लावण्याआधी कोपऱ्यात करून बघा. काही छपाया पुसून जातात आणि मग 'व्होल्ट' आहे की 'टाइम', हे आठवणीवर ओळखायची वेळ येते.

सेल गळले असतील तर आधी ते कुठल्या जातीचे होते ते ओळखा. अल्कलाइन किंवा निकेल-कॅडमियम असतील तर तो पांढरा थर अल्कलीचा, त्याला पातळ व्हिनेगर. जुने झिंक-कार्बन असतील तर गळती आम्लाच्या बाजूची, त्याला खाण्याचा सोडा. नंतर दोन्हीकडे डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या.

पहिल्यांदा वीज

आता स्विच. पण मध्ये साधा, तारेचा बल्ब मालिकेत. साठ ते शंभर वॉटचा, यंत्राच्या भुकेप्रमाणे. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळं व्होल्टेज स्वतःवर घेतो, आतलं काही जळत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो, कारण कॅपॅसिटर भरत असतात, आणि मग मंद होतो. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, तारेचाच हवा. थंड असताना तिचा रोध कमी, गरम झाल्यावर जास्त, सगळी गंमत त्यातच आहे. एक लक्षात ठेवा. बल्बमुळे करंटला आवर बसतो, पण तुमचं मेन्सपासून संरक्षण होत नाही.

व्हेरिएक (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या यंत्राला व्होल्टेज हळूहळू वाढवत द्या. दोन तास घेतले तरी चालेल. मोठे इलेक्ट्रोलिटिक अनेक वर्षं पडून असले की आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो, हळूहळू व्होल्टेज दिलं की तो पुन्हा बनतो. स्विचिंग सप्लायच्या यंत्राला मात्र ही युक्ती घातक आहे. इनपुट कमी मिळालं की तो तेवढीच पॉवर मिळवायला जास्त करंट ओढतो. बल्बवरही असा सप्लाय सुरू-बंद, सुरू-बंद करत बसतो, त्यावरून तो बिघडलाय असा निष्कर्ष काढू नका.

सप्लाय ठीक तर बाकीचं बोलू

पडद्यावर काही दिसो न दिसो, पहिलं मोजमाप पॉवर सप्लायच्या व्होल्टेजचं. टेक्ट्रॉनिक्स ४६५ मध्ये +११०, +५५, +१५, +५ आणि −८ व्होल्ट असे लो-व्होल्टेज सप्लाय आहेत आणि त्यांचे टेस्ट पॉइंट मॅन्युअलमध्ये दाखवलेले आहेत. प्रत्येक मर्यादेत आहे का ते बघा. मग रिपल, म्हणजे डीसीवर उरलेले चढउतार. मेन्स ५० हर्ट्झ असेल तर फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर रिपल १०० हर्ट्झचा येतो, ६० असेल तर १२०. रेग्युलेटरच्या पुढेही तो ठळक दिसत असेल तर फिल्टर कॅपॅसिटर थकलाय किंवा त्या लाइनवर जास्त लोड आहे.

ट्रिगर (पडद्यावरचं चित्र स्थिर धरणारा भाग) चालत नाही, एक चॅनेल वाकडं आहे, आकडे भरकटतात, असल्या पाच वेगवेगळ्या तक्रारींच्या मुळाशी एकच खराब सप्लाय निघाल्याचं मी इतक्यांदा पाहिलंय की आता सप्लाय तपासल्याशिवाय तक्रारीकडे बघतसुद्धा नाही.

एक उदाहरण जवळून सांगतो. एका स्कोपमध्ये १५ व्होल्टच्या जागी ०.३ व्होल्ट. बंद करून त्या लाइनपासून ग्राउंडपर्यंत रोध मोजला तर एक ओहमच्याही आत. म्हणजे कुणीतरी शॉर्ट झालंय. पण त्या लाइनवर चाळीसेक भाग, तीन बोर्डांवर पसरलेले. एकेक उचकटत बसलो असतो तर बोर्डाची वाट लागली असती. त्याऐवजी बेंच सप्लाय १ व्होल्टवर आणि करंटची मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवून ती लाइन बाहेरून भरली. इतक्या कमी व्होल्टेजला आयसी आणि ट्रान्झिस्टर दुखावत नाहीत. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर. तांब्याच्या ट्रॅकचा रोध नगण्य वाटतो, पण दहा मिलिओहममधून अर्धा अँपिअर गेला तर पाच मिलिव्होल्ट पडतात आणि ते मीटरला दिसतात. काळी पिन ग्राउंडवर, लाल पिन लाइनवर सरकवत गेलो. करंट ज्या दिशेला जातोय तिकडे आकडा उतरत जातो. जिथे शॉर्ट आहे तिथे तो सगळ्यात कमी, आणि त्याच्या पलीकडे आकडा बदलतच नाही, कारण पलीकडे करंटच नाही. मधल्या बोर्डावर एका कनेक्टरच्या मागे, थेंबाच्या आकाराचा टँटलम कॅपॅसिटर. एक पाय सोडवला आणि लाइनचा रोध झटक्यात वर गेला. बाहेरून तो अगदी नवा दिसत होता.

सगळे कॅपॅसिटर बदलावेत का?

यावर वाद घालणारे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सगळे बदला. मी दुसऱ्या पंथातला, सरसकट बदलायचे नाहीत. शंभर भाग बदलताना शंभरदा सोल्डरिंग होतं, दोन-चार पॅड उखडतात, एखादा उलटा लागतो, आणि मग मूळचा बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला, काही कळेनासं होतं. शिवाय जुन्या चांगल्या यंत्रांतले अॅल्युमिनियमचे मोठे डबे कित्येकदा उत्तम अवस्थेत असतात. कपॅसिटन्स आणि ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला रोध) मोजा, रिपल बघा, मग ठरवा.

न विचारता बदलायचे ते मेन्सकडचे कागदी, गळलेले इलेक्ट्रोलिटिक, आणि ट्यूबच्या काळातले मेणाचे कागदी कॅपॅसिटर. हे शेवटचे डीसी गळू देतात आणि पुढच्या ट्यूबचा बायस (ती ज्यावर काम करते ते ठरावीक डीसी व्होल्टेज) बिघडवतात. टँटलमच्या जागी जास्त व्होल्टेजचा घ्या. १५ व्होल्टच्या लाइनवर २० चा असेल तर ३५ चा. मायका आणि सिरॅमिकना हात लावू नका. कार्बन कंपोझिशनच्या रेझिस्टरचा रोध मात्र वयासोबत वाढत जातो, तेवढे अधूनमधून मोजा.

एक बदलला, चालू करून बघितलं, वहीत लिहिलं, मग दुसरा. हा वेग कंटाळवाणा आहे खरा.

टेक्ट्रॉनिक्सच्या ट्यूबवाल्या स्कोपमध्ये भाग सिरॅमिकच्या पट्ट्यांच्या खाचांत सोल्डर केलेले असतात. त्या खाचांना चांदीचा मुलामा आहे. साधं सोल्डर वारंवार वापरलं की ते चांदी ओढून घेतं आणि पकड सुटते. म्हणून साधारण तीन टक्के चांदी असलेलं सोल्डर लागतं. कंपनी त्याची छोटी गुंडाळी यंत्राच्या आतच ठेवून द्यायची. तुमच्या यंत्रात ती सापडली तर नशीब, जपून वापरा.

स्विच, सॉकेट आणि खरखर

वर्षानुवर्षं न हललेल्या यंत्रात निम्मे बिघाड निव्वळ संपर्काचे असतात. बंद अवस्थेत प्रत्येक स्विच वीस-तीस वेळा फिरवा. कनेक्टर आणि सॉकेटमधले भाग एकेक उपसून परत तिथेच बसवा. ट्यूब आणि ट्रान्झिस्टर 'याची जागा त्याला' करू नका. काही ठिकाणी त्या जोड्या जुळवून निवडलेल्या असतात.

व्हॉल्यूमसारखे फिरवायचे कंट्रोल खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब पुरे. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे इथे वापरायचा नाही, तो धूळ धरून ठेवतो. ४६५ सारख्या स्कोपमध्ये कॅमने दाबल्या जाणाऱ्या सोन्याच्या मुलाम्याच्या बारीक पात्या असतात. त्यांना स्प्रे नको, खोडरबर तर नकोच. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी पातीखाली सरकवा, स्विच फिरवून पाती हलकेच दाबली जाऊ द्या आणि पट्टी ओढून घ्या. कागदावर काळी रेघ येते, ती येईनाशी झाली की झालं. पाती वाकली तर ती पुन्हा तितकीच सरळ होत नाही, त्यामुळे घाई नको.

ऑडिओ ऑसिलेटर असेल तर एक सावधगिरी. १९३९ च्या एचपी २०० ए पासून अनेक ऑसिलेटरमध्ये आत एक छोटा बल्ब असतो. तो उजेडासाठी नसतो. सिग्नल वाढला की त्याची तार गरम होऊन रोध वाढतो आणि अँप्लिट्यूड स्थिर राहतो. कुणी 'गेलेला दिवा' समजून तो बदलला तर साइन वेव्ह एकतर छाटली जाते, नाहीतर उमटतच नाही.

बॅटरीवर जगणारी मेमरी

१९८० च्या आसपासपासून पुढच्या यंत्रांत हा सापळा असतो. एचपी ३४७८ ए या बेंच मल्टिमीटरमध्ये कॅलिब्रेशनचे आकडे रॅममध्ये असतात आणि ती रॅम ३ व्होल्टच्या, सोल्डर केलेल्या लिथियम सेलवर जगते. सेल संपला किंवा तुम्ही तो नुसता उचकटला की आकडे गेले. मग पूर्ण कॅलिब्रेशन. म्हणून आधी जीपीआयबी (यंत्राला संगणकाशी जोडायची सोय) जोडून ते आकडे वाचून ठेवायचे. मग बदलताना ३ व्होल्टचा दुसरा स्रोत समांतर जोडायचा, ध्रुव दोनदा तपासायचे आणि मगच जुना सेल काढायचा. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाची अर्थ इथे घात करते. टोकातून ग्राउंडकडे वाट मिळाली की रॅमचा पुरवठा क्षणभर कोसळतो. मी आयर्न गरम करतो, प्लग काढतो आणि उरलेल्या उष्णतेत तो एक जॉइंट सोडवतो.

काही नंतरच्या यंत्रांत, उदाहरणार्थ टेक्ट्रॉनिक्स २४६५ बी च्या शेवटच्या काळातल्या प्रतींत, बॅटरी मेमरीच्या चिपमध्येच बंद केलेली असते. तीही कधीतरी संपणारच. चालू असतानाच तिची प्रत काढून ठेवा. काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉमचंही (अतिनील उजेडाने पुसली जाणारी मेमरी चिप) तेच. वाचून फाइल साठवा आणि खिडकीवर अपारदर्शक चिकटपट्टी लावा.

पडदा अंधारा असेल तर

ट्यूब गेली असं लगेच समजू नका. बीम फाइंडरचं बटण दाबा. रेघ पडद्याबाहेर पळालेली असेल तर ती आत येते. इंटेन्सिटी मधोमध ठेवा, ट्रिगर ऑटोवर, इनपुट ग्राउंडवर. तरी काही नाही तर लो-व्होल्टेज सप्लाय पुन्हा. हाय व्होल्टेज मोजायला त्यासाठीच बनवलेला प्रोब लागतो, साध्या मल्टिमीटरच्या पिना नव्हे. आणि एका जागी थांबलेला प्रखर ठिपका दिसला तर ताबडतोब इंटेन्सिटी कमी करा. फॉस्फर जळला की तो डाग कायमचा.

जुळवणी सगळ्यात शेवटी

आत रंगीबेरंगी ट्रिमर (बारीक जुळवणीसाठी फिरवायचे भाग) दिसतात आणि बोटं शिवशिवतात. बिघाड असताना ट्रिमर फिरवून आकडा 'बरोबर' केला तर बिघाड झाकला जातो, आणि तो दुरुस्त झाल्यावर आकडा उलट्या बाजूला पळतो. सगळं चालू झाल्यावर, वीस-तीस मिनिटं तापू दिल्यावर, मॅन्युअलच्या क्रमानेच जा. सुरुवात पुन्हा सप्लायपासून, कारण ते हललं की पुढचं सगळं हलतं. फिरवण्याआधी ट्रिमरच्या मूळ जागेवर पेन्सिलीची खूण करा आणि वाचन लिहून ठेवा.

घरी टाइमबेस (रेघ किती वेगाने सरकते ते ठरवणारा भाग) तपासायला क्रिस्टलचा १ मेगाहर्ट्झचा सिग्नल पुरतो. प्रत्येक चौकटीला १ मायक्रोसेकंद ठेवलं की एका चौकटीत बरोबर एक चक्र बसायला हवं, आणि दहाव्या चौकटीपर्यंत सरकलेलं नसावं. व्होल्टेजसाठी नीट मोजून दिलेला छोटा रेफरन्स बोर्ड चालतो. याने यंत्र विश्वासाचं होतं, प्रमाणपत्राचं होत नाही. तुम्हाला कुणाला मोजमापाचा कागद द्यायचा असेल तर प्रयोगशाळा गाठावी लागेल.

झाकण लावण्याआधी आठ तास सलग चालवा. तापल्यावरच दिसणारे बिघाड तिसऱ्या-चौथ्या तासाला डोकं वर काढतात, आणि तेव्हा स्क्रू परत काढायचा वैताग वाचतो. मग एका कागदावर तारीख, काय बदललं, कुठले ट्रिमर फिरवले आणि कुठल्यांना हात लावला नाही ते पेन्सिलीने लिहा. कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, पण पंख्याच्या वाटेत नको. माझा एकदा पात्यांत अडकला होता.